मदत हवी आहे: घरच्या वर्कशॉपसाठी पिलर ड्रिल, नवं सिंगल फेज की जुनं थ्री फेज?

नमस्कार मंडळी,

नाशिकरोडला आमच्या रो-हाउसच्या मागे १० बाय १२ ची खोली आहे. वडील टर्नर होते. त्यांचा व्हाइस, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) आणि हत्यारांची पेटी तिथेच आहे, आणि शनिवार-रविवार मीही तिथेच असते. आता पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं उभं ड्रिल मशीन) घ्यायचंय आणि दोन मशीनमध्ये अडकले आहे.

काम मुख्यतः एम.एस.चं (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड). धाकट्या दिरांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. मंडपाच्या वाय अँगलना तारेची भोकं आणि ८ मिमी जाडीच्या बेस प्लेटना १२ आणि १८ मिमीची भोकं, असं सगळं मीच करून देते. एप्रिलच्या खरड छाटणीआधी या वेळचं काम हातावेगळं करायचं आहे. अधूनमधून एस.एस.च्या (स्टेनलेस स्टीलच्या) पट्ट्याही असतात.

आजवर हँड ड्रिल स्टँडला लावून भागवलं. स्टँड लवतो, त्यामुळे वरून बरोबर पंचावर सुरू झालेलं भोक खालून मिलिमीटरभर सरकून निघतं आणि दोन प्लेट एकावर एक ठेवल्या की बोल्ट जात नाही. गेल्या महिन्यात १२ चं ड्रिल खालून बाहेर पडताना प्लेटमध्ये अडकलं आणि प्लेट गर्रकन फिरली. मी ती हाताने धरली होती. डाव्या अंगठ्याला चार टाके पडले. चूक माझीच, क्लॅम्प लावायला हवा होता. तेव्हापासून क्लॅम्पशिवाय मशीन सुरू करत नाही, पण लवणाऱ्या स्टँडवर आता विश्वासही उरलेला नाही.

पहिलं मशीन नवं आहे. २० मिमी क्षमता, १ एचपी, सिंगल फेज, आणून प्लग लावला की काम सुरू. पण पट्टा शेवटच्या पुलीवर टाकला तरी सर्वांत कमी वेग ५२० आरपीएम. एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलने एम.एस.साठी मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड (ड्रिलची कड धातूवरून सरकण्याचा वेग) धरला, तर १२ मिमीला साधारण ६६० आरपीएम येतात, म्हणजे तिथे अडचण नाही. २० मिमीला मात्र ४०० च्या आत हवेत. एस.एस.ला १० मीटर धरले तर १२ मिमीलाच २६५. मग २० मिमी क्षमता म्हणजे नुसतं चकमध्ये ड्रिल मावतं एवढंच का? दुकानात टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवून दांडा जोरात दाबला, तर हेड वर उचललं जाताना डोळ्यांना दिसत होतं.

दुसरं अंबडला बंद होत असलेल्या एका वर्कशॉपमधलं. २५ मिमी, एमटी ३ टेपर (स्पिंडलमधलं चक बसायचं निमुळतं भोक), जाडजूड बिडाचं. दांड्याला लोंबकळलं तरी हलणार नाही असं. सर्वांत कमी वेग १५० च्या आसपास. पण मोटर दीड एचपी थ्री फेज, आमच्याकडे सिंगल फेज. बेअरिंगचा खरखर आवाज येतो आणि टेबलावर जुन्या ड्रिलचे खड्डे आहेत. किमतीत फारसा फरक नाही. माझं मन जुन्याकडे ओढतंय, पण त्यात काय तपासायचं, आणि कुठला दोष दिसला की मुकाट्याने परत फिरायचं, ते कळत नाही.

प्रतिसाद:

ताई, सातपूरला बरीच वर्षं जॉबवर्क केलंय, त्यावरून सांगतो. बेअरिंगच्या आवाजाला आणि टेबलाच्या खड्ड्यांना घाबरू नका. बेअरिंग नवी टाकता येतात. क्विल (ज्यात स्पिंडल फिरतो ती नळी) ज्या भोकात वर-खाली होते ते भोक घासलं असेल, तर ते घरी दुरुस्त होत नाही. खरा निकाल तिथे लागतो.

डायल गेज घेऊन जा. आधी चक काढून टेपरच्या आत टोक लावा आणि स्पिंडल हाताने फिरवा. चकवर मोजू नका, चक स्वतःच वाकडा असू शकतो. मग क्विल पूर्ण खाली घेऊन स्पिंडल आडवा ढकला आणि काटा किती हलतो पाहा. तेच क्विल वर असताना करा. वरही भरपूर हलत असेल आणि नव्या बेअरिंगनेही तो खेळ जाणार नाही असं वाटलं, तर मशीन सोडून द्या. शेवटी वाकवलेली तार चकमध्ये धरून टेबलावर गोल फिरवा, टेबल काटकोनात आहे का ते कळेल.

फेजचं म्हणाल तर मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोकं बाहेर आली आहेत का बघा. एवढ्या लहान मोटरी बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात. त्या डेल्टामध्ये (कमी व्होल्टेजची जोडणी) करून सिंगल फेज इनपुटच्या २३० व्होल्ट व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारं, वेग बदलणारं यंत्र) चालतात. वेग मात्र पुलीनेच कमी करा. व्हीएफडीने फार खाली आणलात तर मोटरचा पंखाही मंदावतो आणि मोटर तापते. व्हीएफडीमुळे रिव्हर्स मिळतो, टॅपिंगला (भोकात आटे पाडायला) तो फार कामाचा. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि अर्थिंग विसरू नका.

मूळ प्रश्नकर्ती:

दादा, मनापासून आभार. आज सकाळी अंबडला जाऊन आले. टेपरच्या आत काटा ०.०३ मिमी हलला. क्विल वर असताना आडवा खेळ ०.०५, पूर्ण खाली ०.१५. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं आहेत, स्टारमध्येच जोडलेली. टेबल एका बाजूला किंचित खाली आहे, पण ते टेबलाचा बोल्ट सैल करून जुळवता येईल असं वाटतं. बेस प्लेटसाठी एवढा खेळ चालावा असं मला वाटतंय, तुमचं काय मत?

आणि आमच्या बोळात टेम्पो येत नाही. हेड, मोटर आणि टेबल खांबावरून उतरवून वेगवेगळं आणलं, तर परत बसवताना हेड नेमकं कशाच्या आधाराने सरळ करायचं? कुणी केलं असेल तर तेवढं सांगा.