गायक बदलला की गिटारवाला? हार्ड रॉक बँडांच्या फुटलेल्या-जुळलेल्या जोड्या (अनुभव धागा)

खर्जातला (धागालेखक)

डीप पर्पल हा बँड 1968 साली सुरू झाला तेव्हा त्यात गायक इयन गिलन नव्हता, हे सांगितलं की अजूनही काही जण संशयाने बघतात. नव्हता. रॉड इव्हान्स गायचा. गिलन 1969 ला आला, 1973 ला सोडून गेला, 1984 ला परत आला, 1989 ला त्याला काढलं, पुन्हा बोलावलं, आणि तो जरा स्थिरावतोय तोवर नोव्हेंबर 1993 मध्ये गिटारवाला रिची ब्लॅकमोरच दौरा अर्ध्यावर टाकून चालता झाला. आमच्या चाळीत भाडेकरूसुद्धा इतक्या वेळा बदलले नाहीत.

माझं म्हणणं असं की हार्ड रॉकमध्ये बँड म्हणजे मुळात दोन माणसं, गाणारा आणि गिटारवाला. (ड्रमर मंडळींनी शिव्या प्रतिसादात घालाव्यात.) आणि आपल्याकडे ‘खरी’ जोडी कुठली, ते पहिली कॅसेट कुठली हाती पडली त्यावर ठरायचं. माझ्या हाती ‘मेड इन जपान’ पडली, ऑगस्ट 1972 मधल्या ओसाका-टोकियोच्या मैफली. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’च्या मध्यावर ब्लॅकमोर गिटारवर एक छोटा तुकडा टाकतो, गिलन तो गळ्यातून जसाच्या तसा परत करतो. पुढचा तुकडा जरा वाकडा. तोही परत. असं करत करत दोघं चढत जातात आणि शेवटी गिलन अशी किंकाळी लावतो की गिटारला बोलायला काही उरतच नाही. आमचे वडील एरवी नाट्यसंगीताबाहेर काही ऐकायचे नाहीत. तेवढा भाग मात्र त्यांनी रिवाइंड करून पुन्हा लावायला सांगितला होता.

तर तुमची जोडी कुठली? ती फुटली तेव्हा काय झालं? कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? माहिती नेटवर ढिगाने पडलीय, अनुभव येऊ द्या.

गिरगावचा म्हातारा

इथे वयाने मीच थोरला दिसतोय. युराया हीप 1983 मध्ये मुंबईला आले तेव्हा आम्ही मित्र-मित्र गेलो होतो. बाहेरचा एवढा बँड आपल्या गावात येतो, हेच तेव्हा खरं वाटत नव्हतं. आमच्या एलपींवर आवाज डेव्हिड बायरनचा. त्याला दारूपायी 1976 लाच काढलं होतं हे ठाऊक होतं, पण ठाऊक असणं निराळं आणि समोर पीट गोल्बी उभा राहून बायरनची गाणी म्हणतोय हे निराळं. गोल्बी चांगलाच गायला. तरी आमच्यातला एक जण हाताची घडी घालून ढिम्म उभा.

मग त्याची नजर मिक बॉक्सवर गेली. हा गृहस्थ वाजवता वाजवता उजवा हात तारांवरून उचलतो आणि हवेत बोटं नाचवत फिरवतो. डाव्या हाताने वाजणं चालूच. घडी सुटली ती शेवटपर्यंत. बॉक्स 1969 पासून आजतागायत तिथेच आहे. गायक किती आले नि गेले. बायरन बिचारा 1985 लाच वारला.

रिफवाली (पुणे)

काका, तुमचा हेवा वाटतो!

माझा अनुभव बघणारीचा नाही, वाजवणारीचा. आमच्या बँडने ब्लॅक सॅबथची गाणी बसवायला घेतली, गायक ऑझी ऑझबर्नच्या काळातली आणि त्याच्यानंतर आलेल्या डिओच्या काळातलीही. कागदावर बँड एक, गिटारवाला एकच, टोनी आयोमी. हाताला मात्र दोन वेगळे बँड लागले. ‘आयर्न मॅन’ घ्या. आयोमीची रिफ (गिटारचा फिरून फिरून येणारा तुकडा) जिथे जाते तिथेच ऑझीचा आवाज जातो, सुराला सूर लावून. 1979 ला ऑझीला काढलं, रॉनी जेम्स डिओ आला, आणि ‘हेवन अँड हेल’च्या कडव्यांत आयोमी जवळजवळ गप्पच होतो. गीझर बटलरचा बेस चालत राहतो आणि त्याच्या डोक्यावर डिओ पाहिजे तसा हिंडतो. मला तिथे हात कुठे ठेवायचे तेच कळेना. पहिल्या प्रॅक्टिसला मी उगाच काहीतरी भरत बसले होते, तर आमचा बेसवाला वैतागून म्हणाला, “जरा गप बसशील का?” तिथून गाणं जमायला लागलं. डिओसाठी जागा सोडायची हे आयोमीला दहा वर्षं ऑझीबरोबर काढल्यावर कसं सुचलं असेल, याचं मला अजून कौतुक आहे.

त्यात ट्यूनिंगची भानगड. कारखान्यातल्या अपघातात आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. तारा सैल असल्या तर बोटांना बरं, म्हणून 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त त्याने गिटार दीड स्वर उतरवली. डिओबरोबर पुन्हा वर चढवून अर्धाच स्वर खाली. एका कार्यक्रमात दोन्ही काळ वाजवायचे तर किमान दोन गिटारी हव्यात. माझ्याकडे एक. मग मी पाठ फिरवून ट्यूनरकडे बघत खुंट्या पिळतेय आणि आमचा गायक पब्लिकला पीजे मारतोय, असा आमचा मध्यंतर असायचा.

डग्गा

शिव्या घालायला आलोय. 25 सप्टेंबर 1980 ला लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम गेला. गाणारा रॉबर्ट प्लँट होता, गिटारवाला जिमी पेज होता, दोघंही ठणठणीत. डिसेंबरात त्यांनी जाहीर करून टाकलं की लेड झेपेलिन संपलं. आता बोला, बँड म्हणजे दोन माणसं?

खर्जातला

झेपेलिन अपवाद. बाकीच्यांनी किती ड्रमर बदलले ते मोजा आणि मग या.

गिरगावचा म्हातारा

भांडू नका रे. याच पेज-प्लँट जोडीने 1972 मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ध्वनिमुद्रित केली होती. बॉनम नाही, बेसवाला जॉन पॉल जोन्स नाही, हे दोघंच. अधिकृतपणे ऐकायला मिळायला 2015 उजाडलं. ‘फोर स्टिक्स’चा पाचाचा ताल आपल्या लोकांना सापडला की नाही, ते डग्गाशेठनी ऐकून सांगावं.

हडसनपार

न्यू जर्सीत माझ्या वयाच्या गोऱ्या सहकाऱ्यांत पहिली चौकशी होते ती “डेव्ह की सॅमी?” म्हणजे व्हॅन हेलनचा गायक डेव्हिड ली रॉथ की सॅमी हेगर. रॉथबरोबरचा ‘1984’ हा अल्बम इकडे दुसऱ्या क्रमांकावर अडकला, कारण वर मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ बसलेला. आणि त्या ‘थ्रिलर’मधल्या ‘बीट इट’चा सोलो कुणी वाजवलाय? व्हॅन हेलनच्या गिटारवाल्या एडी व्हॅन हेलननेच. घ्या! रॉथ 1985 ला गेला, हेगर आला, आणि ‘5150’पासून ओळीने चार स्टुडिओ अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले. आकडे हेगरच्या बाजूचे, तरी बार्बेक्यूला स्पीकरवर लागतो रॉथच. 1998 ला गॅरी चेरोन एका अल्बमपुरता येऊन गेला, त्याच्यावरून तर भांडायलाही कुणी तयार नसतं.

मला हेगर आवडतो. हे इथे मराठीत लिहायला सोपं आहे, ऑफिसात बोलायची सोय नाही.

लोअर परळची

एकाच शहरात एका बँडचे दोन अवतार पाहिलेत, त्याची हकिकत.

डिसेंबर 2012, बीकेसीचं मैदान, गन्स एन’ रोझेस. गायक ॲक्सल रोझ आहे, गिटारवाला स्लॅश नाही. स्लॅशने 1996 लाच बँड सोडलेला. त्याची कसर भरून काढायला चक्क तिघे: डीजे अशबा, रिचर्ड फोर्टस आणि बंबलफूट. बंबलफूटच्या गळ्यात दोन मानांची गिटार, त्यातल्या एका मानेवर पडदेच नाहीत. तिघेही तयारीचे. पण ‘नोव्हेंबर रेन’चा सोलो सुरू झाला आणि माझ्या शेजारचा एक अनोळखी मुलगा डोळे मिटून तो सबंध सोलो तोंडाने म्हणायला लागला. स्टेजवर कॅसेटपेक्षा काही निराळं वाजलं की हा डोळे उघडायचा, “च्च” करायचा, पुन्हा मिटायचा. मला सोलोपेक्षा तोच जास्त आठवतो.

मे 2025, महालक्ष्मी रेसकोर्स. टी-शर्ट पिळून घ्यावा असा उकाडा. स्लॅश आणि बेसवाला डफ मॅकेगन 2016 ला परतले, त्या दौऱ्याचं नावच ‘नॉट इन धिस लाइफटाइम’ होतं! फोर्टस अजून आहेच, त्याने दोन्ही संसार पाहिले. आता माझं प्रामाणिक मत: ॲक्सलचा आवाज 2012 ला जास्त पोचत होता. या वेळी वरच्या पट्टीत तो हातातून सुटायचा. मात्र सुटला रे सुटला की स्लॅशची गिटार पुढे यायची, अगदी अर्ध्या ओळीपुरती, आणि आवाज सावरला की मागे. ठरवून होतं की सवयीने, देव जाणे. 2012 च्या त्या तिघांनी गाणी नीट वाजवली होती, पण असं कुणी कुणाला सांभाळून घेताना दिसलं नव्हतं. बरोबर भाची होती, ती म्हणाली, “मावशी, ते दोघं एकमेकांकडे बघतपण नाहीयेत.” नव्हतेच बघत!

बी साइड

लोअर परळच्या ताईंच्या त्या मुलासारखे आम्ही शेकड्याने होतो, डीप पर्पल मुंबईला आले तेव्हा, एप्रिल 1995. ब्लॅकमोर जाऊन दीड वर्ष झालेलं आणि जागेवर स्टीव्ह मोर्स. त्याच्याबरोबरचा एकही अल्बम तोवर आला नव्हता (‘पर्पेंडिक्युलर’ 1996 चा), म्हणजे तो काय चीज आहे हे आम्ही थेट स्टेजवरच ऐकलं. मागून “रिची, रिची” ओरडणारे होते. ब्लॅकमोर कायम कुणावर तरी चिडल्यासारखा दिसायचा; हा हसत हसत वाजवत होता. ते हसणं आम्हाला काही केल्या पचेना. गिलनच्या चेहऱ्यावर मात्र मी इतका मोकळेपणा कुठल्याच जुन्या व्हिडिओत पाहिलेला नव्हता. ती मैफल ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने निघाली.

मोर्सने पत्नीच्या आजारपणामुळे 2022 ला बँड सोडला. ब्लॅकमोरचे दोन्ही डाव मिळून सोळा-सतरा वर्षं होतात, मोर्सची अठ्ठावीस. तरी ‘खरा’ गिटारवाला कोण, हे विचारा कुणालाही.

कालव्यावरचा (बर्मिंगहॅम)

रिफवालीताईंनी सॅबथ काढलाच आहे म्हणून. 5 जुलै 2025 ला व्हिला पार्क स्टेडियमवर त्यांच्या निरोपाच्या मैफलीला होतो. मूळचे चौघे: ऑझी, आयोमी, बटलर, बिल वॉर्ड. ऑझी काळ्या सिंहासनावर बसून गायला. उभं राहणं शक्यच नव्हतं. चार गाणी झाली. त्याच महिन्यात, 22 तारखेला तो गेला. त्या दिवशीचं बाकी काही लिहिणार नाही, सगळीकडे आलंय.

पण माझा सॅबथ नंतरचा गायक टोनी मार्टिनचा. कोल्हापुरात मित्राने ‘हेडलेस क्रॉस’ (1989) भरून दिली होती, ऑझी मी त्यानंतर ऐकला. मार्टिन याच शहरातला. स्टेजवर तो नव्हता. दिवस मूळच्या चौघांचा होता, तेव्हा तक्रार कशाची करणार? परतीच्या गाडीत मी हेडफोनवर मार्टिन लावला, एवढंच. त्याची आणि आयोमीची जोडी 1987 पासून मधला एक खंड सोडला तर 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली, आणि तिचं नाव काढणारा मला फार क्वचित भेटतो. इथे कुणी आहे का?

रिफवाली

आहे! त्याची गाणी आमच्या गायकाला झेपली नाहीत म्हणून राहिली.

यारा काठी (मेलबर्न)

एसी/डीसी कुणीच कसं घेतलं नाही? त्यांचा गायक बॉन स्कॉट 19 फेब्रुवारी 1980 ला गेला आणि नवा गायक ब्रायन जॉन्सनला घेऊन केलेला ‘बॅक इन ब्लॅक’ त्याच जुलैत बाजारात! बॉननेच पूर्वी कधीतरी जॉन्सनला गाताना ऐकून बँडमध्ये त्याची तारीफ केली होती म्हणतात. इकडे बॉनवरून लोक अजून हळवे होतात, पण जॉन्सनला परका कुणी म्हणत नाही.

माझ्या मते या बँडात खरी जोडी गायक-गिटारवाल्याची नाहीच, ती अँगस आणि माल्कम यंग या दोन गिटारवाल्या भावांची. पुढे धावतो अँगस. मागे ॲम्पला चिकटून उभा माल्कम रिफ धरून ठेवायचा, आणि कोरसला दोन पावलं माइकपाशी येऊन पुन्हा मागे. 2014 ला स्मृतिभ्रंशामुळे तो बाहेर पडला, 2017 ला गेला. 2015 च्या अखेरीस मेलबर्नला पाहिलं तेव्हा त्याच्या जागी स्टीव्ही यंग होता. तसाच मागे, तसाच ॲम्पपाशी, कोरसला तशीच दोन पावलं. मी डोळे मिटून फरक शोधत होतो, मला सापडला नाही.

बायकोला या संगीताचं सोयरसुतक नाही, माझ्यासाठी आली होती. तिने विचारलं, “हा कोण, धाकटा भाऊ का?” म्हटलं, पुतण्या, पण अँगसकाकापेक्षा जेमतेम दीड-दोन वर्षांनी लहान. म्हणाली, “मग घरातलाच आहे की, तू कशाला तोंड पाडून बसलायस?”