अनुभव धागा: खेड्यातून बीए-एमए करताना नेमकं काय कामी येतं?

पांदणरस्ता
पुतणीनं बीएच्या फील्ड प्रोजेक्टसाठी गावाचा जुना नकाशा मागितला आणि कपाटातली पिवळी पडलेली फाईल पुन्हा हातात आली. विदर्भातल्या आर्ट्सच्या पोरांना तालुक्यात संदर्भग्रंथ मिळत नाहीत हे खरं. पण गावाचं दप्तरच मोठं साधन आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा.

सुरुवात करतो. 'आमच्या गावाचा इतिहास' असा विषय घेऊ नका. प्रत्यक्ष कामाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, त्यात तो मावत नाही. एकच प्रश्न घ्या: तलावाचं पाणी कोणाच्या हातात होतं, किंवा गायरान किती होतं आणि किती उरलं. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. अर्जात मौजा (महसुली गाव), खसरा म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा नंबर किंवा सर्व्हे नंबर आणि कागदाचं नाव हवंच: १९५४-५५ चं अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज. 'जुनं असेल ते सगळं द्या' असं लिहिलं की शोधणाऱ्याला काय काढावं ते कळत नाही आणि अर्ज पडून राहतो.

मामातलाव
निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत पोरं हमखास गोंधळतात. सरकारी पडीक जमिनीवरची चराई, सरपण, माती-मुरूम हे निस्तार पत्रकात. जी जमीन किंवा पाणी सरकारचं नाही, तिथली वहिवाट, ओलीत, मासेमारी यांच्या रूढी वाजिब-उल-अर्जात. महसूल संहितेत कलम १६१ आणि १६५ पाहा. भंडारा-गोंदियाकडं माजी मालगुजारी तलावावर (गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांकडं पूर्वी असलेल्या तलावांवर) लिहायचं असेल तर दोन्ही कागद शेजारी ठेवूनच वाचा. एकट्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

खारपाणपट्टा
बाप्पा, पण हे लक्षात ठेवजा, मालगुजारी वऱ्हाडात नव्हती. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळकडं रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरे. १८५३ ला निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडं सोपवला, १९०३ ला तो मध्यप्रांताला जोडला, पण जमिनीची पद्धत तीच राहिली. वऱ्हाडातल्या गावाच्या प्रोजेक्टात 'मालगुजार' शब्द आला की समजायचं, नागपूरकडच्या कोणाची वही उतरवली.

आणखी एक फसगत. वऱ्हाडच्या जुन्या कागदात एकर-गुंठे, नागपूर-चांद्याकडं (चंद्रपूर) एकर आणि दशांश. २-२० म्हणजे इकडं अडीच एकर, तिकडचं २.२० म्हणजे दोन एकर आठ गुंठे. बेरजा इथंच बिघडतात.

चारोळी
👆 हे एकर-गुंठ्याचं आमच्या सरांनीही कधी सांगितलं नाही. बाकी, पावसानं उघडीप दिली का कोणाकडं? तूर पिवळी पडून राहिली.

पांदणरस्ता
@चारोळी ताई, इकडं तीन दिवस झडी आहे. चर काढून पाणी बाहेर काढा आधी, मुळं सडली तर तूर उभी वाळते.

बोरीअरब
मुलाखतींबद्दल. म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका, प्रसंग विचारा. 'नागपूरची दीक्षा झाली तेव्हा तुम्ही केवढे होता?' (१४ ऑक्टोबर १९५६). 'गाडगेबाबा गेले तेव्हा लग्न झालं होतं का?' (डिसेंबर १९५६). 'तुकडोजी महाराज गेले तेव्हा?' (१९६८). 'बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का?' दोन प्रसंगांच्या मधात घटना बसली की साल अंदाजे कळतं.

फोन एअरप्लेन मोडवर ठेवून रेकॉर्ड करा, नाहीतर कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं. परवानगी आधी विचारा आणि ती रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या. उतरवताना बोली शुद्ध करू नका. 'डोया' म्हटलं तर 'डोया'च लिहा. 'डोळा' लिहिलं की भाषेच्या अभ्यासाला तो कागद निरुपयोगी झाला.

सागवानी
जनगणनेचे आकडे लावताना जिल्ह्यावर जाऊ नका. गडचिरोली १९८२ ला, वाशीम १९९८ ला, गोंदिया १९९९ ला वेगळे झाले. १९७१ चा चंद्रपूर आणि २०११ चा चंद्रपूर ही दोन वेगळी क्षेत्रं आहेत. जिल्हा जनगणना पुस्तिकेतून गावनिहाय आकडे घ्या आणि आपल्या आपण बेरीज करा.

माहेरवाशीण
फोनवरून लिहिते आहे, चुका पोटात घाला. शिष्यवृत्ती. महाडीबीटीचा (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्ज मंजूर दिसतो पण पैसे येत नाहीत, याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे खातं आधारशी जोडलेलं नसणं, किंवा जुन्याच बंद खात्याशी जोडलेलं असणं. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या नाही. बँकेत 'केवायसी झाली का' एवढंच विचारू नका. 'डीबीटीसाठी आधार सीडिंग आहे का' असं विचारा, ही दोन वेगळी कामं आहेत.

दहावीची गुणपत्रिका, आधार आणि एबीसी आयडी (अभ्यासाचे क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं) यांवर नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. आधारवर नुसतं नाव-आडनाव आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी, वडिलांचं नाव मधात, तर क्रेडिट जमा व्हायला अडतं. हे पहिल्या सेमिस्टरलाच दुरुस्त करा. मुलींनो, उत्पन्नाच्या दाखल्याला निकाल लागायची वाट पाहू नका.

चारोळी
हे फार मोलाचं सांगितलं ताई. कितीक पोरी याच्यापायीच घरी बसतात.

वर्धाकाठ
मराठी माध्यमातून एमए करणाऱ्यांनी सेटकडं आधी पाहावं (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा: सेट राज्याची, नेट देशपातळीची). नेटची प्रश्नपत्रिका भाषाविषय सोडले तर इंग्रजी-हिंदीत असते, सेटची बहुतेक विषयांत मराठीतही. रचना सारखीच: पेपर १ चे ५० प्रश्न, पेपर २ चे १००, एकूण ३०० गुण, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. अडचण संज्ञांची होते. 'सार्वभौमत्व' पाठ असतं पण त्याचा इंग्रजी शब्द ओळखू येत नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश फुकट पाहायला मिळतात. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राचा कोश पहिल्या वर्षापासून उशाशी ठेवा, रोज दहा संज्ञा दोन्ही भाषांत लिहा.

नवीनसदस्य
मुलगी बारावीत आहे. चार वर्षांची पदवी घ्यावी का तीन?

वर्धाकाठ
संशोधनात जायचं असेल तर चार. पण संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, आणि ते तुमच्या कॉलेजात सुरू आहे का हे प्रवेशाआधी विचारा. नसेल तर तीन वर्षांनी एमए बरं. एसटीचा मासिक पास काढा, विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे.

मामातलाव
मोडी कुठं शिकता येईल विचारणाऱ्यांसाठी: पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं, नागपूरला त्यांचं कार्यालय आहे. जाण्याआधी वर्ग सुरू आहे का ते फोन करून विचारा. भोसलेकालीन कागद वाचायचे असतील तर मोडीशिवाय इलाज नाही.

पांदणरस्ता
पुतणीला हा धागा पाठवला. ती विचारते, गावनकाशा कोणाकडं मिळतो? तहसीलला नाही.

खारपाणपट्टा
तो भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात. मौजाचं नाव जुन्या स्पेलिंगनं लिहायला सांग तिले, नाहीतर सापडत नाही.