पृथ्वीच्या पोटात काय आहे हे कुणी पाहिलंय? भूकंपाच्या लहरींवरून नक्की किती कळतं?

उपटसुंभ:

मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. लेकीचा विज्ञानाचा धडा घेत होतो, त्यात ते नेहमीचं चित्र, पृथ्वी फळासारखी चिरलेली, वर पातळ साल, मग लालभडक प्रावरण, मग पिवळा गाभा. पोरीनं विचारलं, बाबा ही कापली कुणी? मी म्हटलं खणून बघितलं असेल. मग नेटवर शोधलं तर माणसानं खणलेलं सगळ्यात खोल भोक जेमतेम १२ किलोमीटर आणि पृथ्वीची त्रिज्या ६३७१! म्हणजे साल पण पूर्ण सोललेली नाही आणि पुस्तकात ठोकून दिलंय की गाभा २९०० किलोमीटरवर सुरू होतो. भूकंपाच्या लहरींवरून कळतं असं एका ओळीत लिहिलंय, पण कसं ते नाही.

दुसरं म्हणजे मी आजवर समजत होतो की प्रावरण म्हणजे लाव्हाच, वर आपण तरंगतोय. आता वाचतोय की ते घन आहे, आणि वाहतं पण. हे काय गौडबंगाल? आणि एक रंगीत चित्र दिसलं ज्यात आफ्रिकेखाली खोलवर हे भलेमोठे लाल ढग दाखवलेत, ती लाव्ह्याची तळी आहेत का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडकफोड्या:

तेलशोधाच्या सर्व्हेचा डेटा प्रोसेस करण्यात बारा वर्षं गेली, म्हणजे पोटापाण्यासाठी रेघोट्याच बघितल्या, त्यामुळे जरा लांबेल.

भूकंप झाला की खडकातून दोन मुख्य लहरी निघतात. पी लहर दाबत-ताणत जाते, ती आधी पोचते, एस लहर खडकाला आडवं हलवत जाते, ती मागून येते. दोघींच्या येण्यातल्या फरकावरून भूकंप किती लांब झाला ते कळतं, जवळच्या भूकंपाला ढोबळमानानं एका सेकंदाला ८ किलोमीटर धरा. इथवर सोपं आहे.

आता गंमत. ८ ऑक्टोबर १९०९ ला झाग्रेबच्या (आजच्या क्रोएशियातलं) दक्षिणेला कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला आणि तिथल्या वेधशाळेतल्या मोहोरोविचिच यांनी भूकंप नोंदवणाऱ्या वेगवेगळ्या स्टेशनांचे आलेख गोळा केले. त्यांना काही स्टेशनांवर एकाच भूकंपाच्या दोन-दोन पी लहरी दिसल्या. जवळच्या स्टेशनांवर हळू चालणारी आधी पोचत होती आणि लांबच्यांवर दुसरीच कुठली तरी तिला मागे टाकत होती. हे कसं शक्य आहे? हायवेचा विचार करा. जवळ जायचं असेल तर आतला रस्ताच बरा, पण लांब जायचं असेल तर वाकडी वाट करून हायवेला लागलेलं परवडतं. खाली कुठेतरी हायवे आहे!

आकडेच घ्या. कवच, म्हणजे चित्रातली ती साल, ३५ किलोमीटर जाड, त्यात पी लहरीचा वेग सेकंदाला ६ किलोमीटर, खाली प्रावरणात ८. ३०० किलोमीटरवरच्या स्टेशनाला वरच्या वर येणारी लहर ५० सेकंद घेते आणि खाली उतरून, हायवेनं येऊन, परत वर चढलेली साधारण ४५. या आकड्यांना ओव्हरटेक होतं १८५ किलोमीटरच्या आसपास. आता उलटं करा, ओव्हरटेक कुठे होतं ते स्टेशनांवर मोजा आणि त्यावरून हायवे किती खोल ते काढा, शाळेतली भूमिती पुरते. मोहोरोविचिच यांचं उत्तर ५४ किलोमीटर आलं होतं. ती सीमा म्हणजे मोहो, खंडांखाली सरासरी ३५-४०, तिबेटखाली ७० च्या वर आणि समुद्रतळाखाली फक्त ६-७ किलोमीटर.

गाभ्याचं पण तसंच, फक्त उलटं, तिथे लहर वेग घेण्याऐवजी मंदावते. भूकंपापासून साधारण १०४ अंशांच्या पुढे (कोन पृथ्वीच्या केंद्राशी मोजलेला) सरळ येणाऱ्या पी आणि एस लहरी गायबच होतात, सावली पडल्यासारख्या. ओल्डहॅमनी १९०६ मध्ये गाभा आहे म्हणून दाखवलं, गुटेनबर्गनी १९१३ मध्ये खोली २९०० काढली. आजचा आकडा २८९१ आहे, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हातानं गणितं करून माणूस नऊ-दहा किलोमीटरनं चुकला. मला हे अजूनही अचाट वाटतं. त्या सावलीत थोड्याशा लहरी तरी कशा दिसतात याचा छडा इंगे लेहमान बाईंनी १९३६ मध्ये लावला, गाभ्याच्या आत अजून एक गाभा आहे म्हणून.

आणि लाव्ह्याचं. एस लहर द्रवातून जाऊच शकत नाही, कारण द्रव आडवा ताण सोसत नाही. प्रावरणातून मात्र ती वरपासून खालपर्यंत व्यवस्थित जाते. म्हणजे प्रावरण घन आहे, विषय संपला. द्रव आहे तो बाहेरचा गाभा, तो लोखंडाचा. लाव्हा म्हणजे प्रावरणाच्या वरच्या भागात, ठराविक जागी, खडकाचा थोडा अंश वितळून बनतो ते.

घन असून वाहतं कसं, तर डांबर घ्या. कडक डांबराच्या ढेपेवर हातोडा मारला तर तुकडे उडतात, पण तेच नरसाळ्यात ठेवलं तर थेंब पडतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ पासून हाच प्रयोग लावून ठेवलाय आणि २०१४ पर्यंत नऊच थेंब पडलेत. भूकंपाची लहर म्हणजे हातोडा, काही सेकंदांचं काम. तिच्यासाठी प्रावरण टणक. लाखो वर्षांच्या हिशोबात तेच प्रावरण वर्षाला काही सेंटीमीटर सरकतं.

चिकित्सक_७:

छान समजावलंत, पण मी जरा खोडा घालतो. लहरींवरून तुम्हाला कळला वेग. वेग म्हणजे खडक नव्हे! ८ किलोमीटरचा वेग दिसला म्हणजे खाली अमुकच दगड आहे हे कशावरून?

उपटसुंभ म्हणतायत त्या १२ किलोमीटरच्या भोकाचीच गोष्ट घ्या ना. कोला द्वीपकल्पावर सोव्हिएत लोकांनी १९७० मध्ये खणायला घेतलं, १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर गेले. त्या भागात ७ किलोमीटरच्या आसपास लहरींचा वेग बदलतो हे आधीच माहीत होतं आणि पुस्तकी समज असा की वर ग्रॅनाइट, खाली बेसाल्ट, त्यांची ती सीमा. भोक तिथे पोचलं, बेसाल्टचा पत्ता नाही! तोच ग्रॅनाइटी खडक, फक्त दाबानं-उष्णतेनं रूप बदललेला, भेगा पडलेला आणि भेगांत पाणी. डोंगर पोखरून उंदीर तरी निघतो, इथे पाणी निघालं. शिवाय तळाचं तापमान पण अंदाज होता १००, निघालं १८० अंश. जिथे तपासायला मिळालं तिथेच अंदाज फसला, तर जिथे कधीच जाता येणार नाही तिथला कशाला मानायचा?

रेघोट्या:

+१, मला पण हेच विचारायचं होतं

खडकफोड्या:

चिकित्सक, खोडा नाही हो, नेमकं बोट ठेवलंत. कोलाचं उदाहरण आमच्यातले लोक पण देतात, फक्त निष्कर्ष जरा वेगळा काढतात. लहरींनी सांगितलं होतं की ७ किलोमीटरवर काहीतरी बदलतं, आणि बदलत होतंच. चुकलं ते त्या बदलाला दिलेलं नाव. भेगा, पाणी, तापमान, खडकातले स्फटिक कुठल्या दिशेला झोपलेत, हे सगळं वेग बदलतं, त्यामुळे एका वेगाच्या आकड्यावरून खडक ओळखणं म्हणजे पावलांच्या आवाजावरून माणसाचं आडनाव सांगणं.

म्हणून नुसत्या वेगावर कुणी थांबत नाही. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.५ पट आणि वरचे खडक २.७ ते ३ पट, म्हणजे खाली जड माल असलाच पाहिजे, हे लहरींशिवाय कळतं. दुसरं, ज्वालामुखी येताना प्रावरणातले दगडाचे तुकडे वर घेऊन येतात, हिरवट, ऑलिव्हिन नावाच्या खनिजानं भरलेले. ते प्रयोगशाळेत दाबून वेग मोजला तर ८ च्या आसपास येतो. आणि तिसरं मला सगळ्यात पटतं ते असं की ४१० आणि ६६० किलोमीटर खोलीवर लहरींना अचानक वेग चढलेला दिसतो, जगभर, आणि इकडे लॅबमध्ये दोन हिऱ्यांच्या टोकांत ऑलिव्हिन चिरडलं तर साधारण त्याच खोलीइतक्या दाबाला त्याचे अणू नव्यानं रचले जातात, घट्ट बसतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एकाच दारात भेटली तर पत्ता बरोबर असावा. २०१४ मध्ये तर ब्राझीलच्या एका हिऱ्याच्या आत अडकलेला रिंगवूडाइटचा (ऑलिव्हिनचंच दाबून घट्ट झालेलं रूप) कण मिळाला, तो त्या ४१० ते ६६० च्या मधल्या थरातलाच स्फटिक.

गंमत म्हणजे आमची सगळ्यात मोठी पंचाईत खोल प्रावरणात नाही, जवळच्या खालच्या कवचात आहे. तेलवाले जमिनीला धक्का देऊन ५-६ सेकंद प्रतिध्वनी ऐकतात आणि रेकॉर्डिंग बंद, कारण त्यापुढे तेल नाही. मोहोवरून परत यायला लहरीला १२ सेकंद लागतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी १९७५ पासून तीच पद्धत वापरून जास्त वेळ ऐकायला सुरुवात केली आणि दक्षिण अ‍ॅपलाचियन पर्वतात असं दिसलं की वरचा जुना कठीण खडक दोनशे किलोमीटरहून जास्त सरकत येऊन गाळाच्या थरांवर चढून बसलाय. वरून हिंडून हे सापडलं नसतं. पण खालच्या कवचात बऱ्याच ठिकाणी आडव्या, तुटक, एकावर एक रेघा दिसतात, मोहोपाशी त्या संपतात आणि खाली प्रावरण कोरं दिसतं. त्या रेघा म्हणजे घुसून थिजलेला लाव्हारस की खडक ताणला जाऊन झालेले पापुद्रे की अडकलेलं पाणी, यावर माझ्या नोकरीच्या आधीपासून भांडणं चालू आहेत. इथे तुमचा खोडा शंभर टक्के लागू.

निद्रिस्त ज्वालामुखी:

लाल ढगांचं मी घेतो, कारण त्या चित्रानं मला पण एकदा फसवलंय.

त्या प्रकाराला टोमोग्राफी म्हणतात, सीटी स्कॅनचा भाऊ. हजारो भूकंप, शेकडो-हजारो स्टेशनं, प्रत्येक लहर अपेक्षेपेक्षा सेकंदभर लवकर आली की उशिरा, एवढंच पाहायचं आणि त्यावरून कुठल्या भागात ती रेंगाळली आणि कुठे पळाली ते सोडवायचं. लाल म्हणजे हळू, निळा म्हणजे जलद. बस्स. लाल म्हणजे वितळलेलं नाही! प्रावरणात तो फरक बऱ्याचदा एक-दोन टक्क्यांचाच असतो, काढणारा रंग मात्र असा भडक देतो की आग लागल्यासारखी वाटते. आफ्रिकेखाली आणि प्रशांत महासागराखाली गाभ्याला टेकलेले दोन अवाढव्य हळू प्रदेश आहेत हे पक्कं, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळा डेटा घेतला तरी ते येतात. ते फक्त गरम आहेत की मालच वेगळा आहे यावर वाद आहे. पण तळी नाहीत, तिथून एस लहर जाते, फक्त हळू.

निळ्या भागाला कुणी विचारत नाही पण खरी मजा तिथे आहे. उत्तर अमेरिकेखाली एक निळा पट्टा खोलवर तिरका गेलेला दिसतो, ती फॅरॅलॉन प्लेट, समुद्रतळाचा तुकडा जो कोट्यवधी वर्षांपूर्वी खंडाखाली बुडाला. अजून थंड आहे म्हणून लहरी तिथे पळतात. बुडालेला समुद्रतळ सापडतो म्हणजे काय राव!

फक्त सीटी स्कॅनमध्ये मशीन पेशंटभोवती फिरतं, इथे भूकंप होतात प्लेटांच्या कडेला आणि स्टेशनं जमिनीवर, समुद्राखाली मोजकी. म्हणजे काही भागातून हजार किरण (लहरींच्या वाटा) जातात आणि काही भागातून जवळजवळ नाहीतच, आणि तिथे चित्र किरणाच्या दिशेनं फासल्यासारखं लांबट होतं. तपासायला लोक एक खोटी पृथ्वी घेतात, बुद्धिबळाच्या पटासारखे लाल-निळे चौकोन भरलेली, त्याच भूकंप-स्टेशनांनी ती परत सोडवून बघतात. जिथे चौकोन परत चौकोन दिसले तिथलं खरं चित्र माना. शोधनिबंधात हे चित्र मागच्या पानांत असतं, मी आता आधी तेच उघडतो.

लहान गोष्टी दिसत नाहीत हे पण आहेच. सेकंदाला एक हेलकावा घेणारी लहर प्रावरणात ८ किलोमीटर लांब असते, तिला पाचशे मीटरची वस्तू कुठून दिसणार.

उपटसुंभ:

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. हायवेचं पोरीला लगेच कळलं, मला दोनदा वाचावं लागलं. तिचे दोन उपप्रश्न, १) भूकंप झालाच नाही तर काय करता? २) पृथ्वीच्या आरपार जायला लहरीला किती वेळ लागतो?

चिकित्सक_७:

पोर हुशार आहे, बापावर गेलेली दिसत नाही :)

खडकफोड्या:

१) आपणच हलवायचं. मोठे ट्रक असतात, पोटाखालची जड लोखंडी पाटी जमिनीवर टेकवून एका लयीत थरथरवतात, तीन-चार ट्रक एकाच तालात. सोव्हिएत लोकांनी १९७०-८० च्या दशकांत त्यासाठी जमिनीखाली अणुस्फोटसुद्धा केले, त्याच्या लहरी हजारो किलोमीटर लांबच्या यंत्रांवर घेतल्या, आता ते कुणी करू देणार नाही. आणि सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे काहीच करायचं नाही. समुद्राच्या लाटांनी जमीन सतत बारीक थरथरत असते, पूर्वी आम्ही तो कचरा म्हणून गाळून टाकायचो. दोन स्टेशनांवरचं महिनोन्‌महिन्यांचं हे थरथरणं एकमेकांशी ताडून पाहिलं की एका ठिकाणी धक्का दिला असता तर दुसरीकडे काय पोचलं असतं ते निघतं. २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कवचाचा नकाशा असा निघाला, एकाही भूकंपाशिवाय. कचऱ्यातून! आम्ही किती टेपा पुसल्या असतील देव जाणे.

२) केंद्रातून आरपार पी लहरीला साधारण २० मिनिटं. एस लहर तशीच आरपार नाही जात, मध्ये द्रव गाभा आहे ना. आणि तिला हे पण सांगा की भूकंप खूप मोठा असेल तर लहरी जाऊन संपत नाहीत, सगळी पृथ्वीच घंटेसारखी घुमते. डिसेंबर २००४ च्या सुमात्राच्या भूकंपानंतर कित्येक आठवडे घुमत होती. त्यातला एक सूर असा की पृथ्वी चेंडूसारखी किंचित फुगते आणि आकसते, एका फेरीला साडेवीस मिनिटं लागतात.