एसटी स्टँड, जेटी, तिठा... होर्डिंगची वर्दळ मोजायला जागांचे प्रकार कसे पाडायचे?

सड्यावरची
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत आमचा होर्डिंगचा छोटा धंदा आहे, बाबांनी सुरू केलेला, आता मी बघते. एकूण ३८ जागा, बऱ्याचशा साध्या फ्लेक्सच्या, काही स्टँडातल्या, आणि यंदा दोन डिजिटल स्क्रीन लावल्यात. आजपर्यंत गिऱ्हाईक गाडीतून एक चक्कर मारायचं, हा नाका चालतो म्हणायचं, की व्यवहार झाला. आता मुंबईच्या एका एजन्सीने एक्सेल पाठवलंय, प्रत्येक जागेसमोर 'जागेचा प्रकार' आणि 'रोजची सरासरी वर्दळ' भरा म्हणून. प्रकाराच्या ड्रॉपडाउनमध्ये एअरपोर्ट, मेट्रो, मॉल, मल्टिप्लेक्स, जिम, ऑफिस बिल्डिंग. आता मी हातखंब्याचा तिठा (तीन रस्ते मिळतात तो नाका) कशात टाकू? मिरकरवाड्याची जेटी बंदर म्हणू का मासळी मार्केट? गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरचा बोर्ड धार्मिक स्थळ का पर्यटन? भरता भरता ३८ पैकी २६ जागा 'इतर'मध्ये गेल्या आणि 'इतर'ला ते धड रेटच देत नाहीत. बरं सरासरीचं पण तेच, जेटीवर जून-जुलैत कुत्रं फिरकत नाही आणि ऑगस्टपासून पाय ठेवायला जागा नसते, मग सरासरी काय लिहू? कोणी हे काम केलं असेल तर नीट समजावून सांगा, मला हे बरोबर भरायचंय, नुसतं ढकलायचं नाहीये.

लोअर परळचो मालवणी
ताई, मी मीडिया प्लॅनिंगमध्येच आहे, म्हणजे असली एक्सेल पाठवणाऱ्यांच्या बाजूचा, पण गाव मालवण, त्यामुळे तुमची अडचण बरोबर कळली.

आधी ती यादी कुठून येते ते सांगतो. डिजिटल स्क्रीन आता सॉफ्टवेअरमधून विकल्या जातात, जागा बघायला माणूस येत नाही, त्यामुळे विकणारा आणि घेणारा दोघांना एकच शब्द वापरावा लागतो. त्यासाठी ओपनओओएच (ओओएच म्हणजे आउट ऑफ होम, घराबाहेरच्या जाहिराती) नावाची एक खुली यादी आहे, वर वाहतूक, दुकानं, उघड्यावरच्या जागा, शिक्षण, दवाखाने, सरकारी कचेऱ्या, बँका, राहत्या इमारती असे मोठे गट आणि प्रत्येकाच्या पोटात उपप्रकार. तुम्हाला आलेली यादी काटछाट केलेली दिसते, कारण मूळ यादीत वाहतुकीखाली फेरीबोट पण आहे, म्हणजे जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावेच्या धक्क्यावर जागा असेल तर ती हक्काने तिथे बसते, 'इतर' कशाला. एजन्सीला पूर्ण यादी मागा. हातखंबा 'उघड्यावरची जागा, होर्डिंग' असाच जाईल, त्यात कमीपणा काही नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तो प्रकार फक्त सॉफ्टवेअरला जागा सापडावी म्हणून असतो, माणूस तिथे काय करतो ते त्यातून कळत नाही. तुमचा स्वतःचा एक वेगळा कॉलम करा, लोक तिथे थांबतात, चालत जातात का गाडीतून जातात. आकडा ह्याच्यावर फिरतो. तिथून गेलेली माणसं वेगळी, ज्यांना बोर्ड दिसू शकला ती वेगळी आणि ज्यांची नजर खरंच पडली ती आणखी वेगळी. ब्रिटनमधली रूट आणि अमेरिकेतली जिओपाथ ह्या बाहेरच्या जाहिराती किती जण बघतात ते मोजणाऱ्या संस्था हीच गाळणी लावतात, अंतर, कोन, बोर्डाची साइझ, वेग सगळं धरून. ताशी ६० ने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते, बोर्ड १०० मीटरवरून वाचता येत असेल तर जेमतेम ६ सेकंद मिळतात. तिठ्याला वळायला तीच गाडी २० वर आली की १८ सेकंद. हायवेवरचा आकडा दुप्पट असला तरी मी तिठा घेईन.

नकाशेवाला
वरच्या दादांशी सहमत, फक्त जागेची हद्द आखल्याशिवाय प्रकार ठरवू नका. मी जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं काम करतो. मोबाइल डेटा विकणारे बरेचदा बोर्डाभोवती वर्तुळ मारतात आणि आत जेवढे फोन दिसले ती वर्दळ म्हणतात. १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळजवळ पावणेआठ एकर! आपल्याकडे पावणेआठ एकरात स्टँड, रिक्षा स्टॉप, बाजारपेठ, दोन लॉज आणि मागचं घरांचं आवार सगळं येतं. मांडवीच्या जेटीला असं वर्तुळ मारा, अर्ध्याहून जास्त समुद्रात जाईल. त्यात मोकळ्यावर फोनचं लोकेशन पाचेक मीटर इकडेतिकडे असतं पण पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली ते कितीतरी जास्त हलतं, त्यामुळे स्टँडच्या आतला माणूस रस्त्यावर दिसतो आणि रस्त्यावरचा आत.

तेव्हा वर्तुळ नको, बोर्ड जिथून वाचता येतो तेवढाच तुकडा नकाशावर हाताने आखा. स्वतः उभं राहून बघा, कुठल्या पावलापासून अक्षरं लागतात आणि कुठे झाड आड येतं. (पावसाळ्यानंतर परत एकदा जा, आपल्याकडे चार महिन्यांत झाडोरा बोर्ड खाऊन टाकतो.) ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) स्टँड, धक्के, बाजार आखलेले असतील तर तिथून सुरुवात करा, नसतील तर घाला, सगळ्यांनाच उपयोग.

आणि दिवसभर तिथेच असणारे फोन वेगळे काढा. टपरीवाला, रिक्षावाले, दुकानदार हे रोज तेच. फेऱ्या मोजल्या तर आकडा फुगतो, पण वेगवेगळी माणसं किती पोचली हा आकडा तेवढाच राहतो. एजन्सीला दोन्ही आकडे वेगळे द्या, न विचारता द्या.

आकडेमोड_कुडाळ
मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो. गेल्या वर्षी मुलांना घेऊन आमच्या तालुक्यातल्या एका एसटी स्टँडवर मोजणी केली होती, त्यातलं एक सांगतो, उपयोगी पडेल. तासातली १५ मिनिटं मोजायची आणि चाराने गुणायचं, हातात क्लिकर (दाबलं की एक आकडा वाढतो ते मोजणीचं यंत्र). दोन दिवस आकडे छान आले. तिसऱ्या दिवशी आमच्यातली एक मुलगी क्लिकर खाली ठेवून म्हणाली, सर, ह्या सगळ्यांची पाठ आहे बोर्डाकडे. बघतो तर खरंच. बाकं सगळी फलाटाकडे तोंड करून, बोर्ड मागच्या भिंतीवर, पायाशी पिशवी घेऊन बसलेली माणसं गाडी लागते का म्हणून समोर बघतायत, गाडी आली की पाटी वाचायला पुढे पळतायत. मागे वळून बघणारं फक्त लहान मूल. एवढी गर्दी, अर्धा अर्धा तास थांबणारी, आणि त्या बोर्डाला त्यातलं फार थोडं मिळत होतं. कॅन्टीनच्या दाराशी एक छोटा बोर्ड होता, तिथे गर्दी पाव होती पण चहा हातात घेऊन माणूस त्याच्याकडेच तोंड करून उभा. म्हणून 'स्टँड' हा एक प्रकार करूच नका, फलाट, कॅन्टीन, बाहेर पडायचं गेट असे तीन करा. कोकण रेल्वेच्या स्टेशनांना पण हेच, गाडी यायच्या आधी अर्धा तास गजबज आणि मग दोन तास शुकशुकाट.

सरासरीबद्दल. समजा बाजाराच्या वारी ६००० माणसं आणि बाकी सहा दिवस १०००. सरासरी येते १७१४, आणि आठवड्यात असा एकही दिवस नाही ज्या दिवशी १७१४ माणसं आली! घेणाऱ्याला हा आकडा काहीच सांगत नाही. बाजारवार, साधा वार, रविवार असे वेगवेगळे लिहा.

अजून एक, मुंबईचं स्त्री-पुरुष प्रमाण आपल्या जागांना चिकटवू देऊ नका. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. पुरुष मुंबईला आणि घर बायका चालवतायत, ते बाजारात लगेच दिसतं.

कोकमवाला
मी दुसऱ्या बाजूने बोलतो, मी बोर्ड भाड्याने घेणारा. कोकम, काजू, आंबापोळीचा धंदा. मला एकूण आकडा नको असतो, मला दिशा पाहिजे. गणपतीच्या आधीचे चार-पाच दिवस हायवेवरून सगळा चाकरमानी मुंबईहून खाली येतो, त्याला मी काजू विकू शकत नाही, तो घरी पोचायच्या घाईत असतो आणि गाडीत मखराचं सामान. तोच माणूस गौरी-गणपती विसर्जनानंतर परत जाताना शेजाऱ्यांना न्यायला म्हणून पाच-सहा पाकिटं उचलतो. मग बोर्ड मुंबईकडे जाणाऱ्याला दिसणारा पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एकाने (नाव नको) मला नुसता वर्दळीचा आकडा दाखवून बोर्ड दिला, आकडा खरा होता, पण बोर्डाचं तोंड येणाऱ्यांकडे. माझा हंगाम गेला. तेव्हा ताई, एका खांबाला दोन तोंडं असतील तर दोन जागा धरा आणि प्रत्येकीला दिशा लिहा.

लोअर परळचो मालवणी
हे एकदम बरोबर, आणि मोबाइल डेटात ह्याची आणखी एक गंमत नाही तर खरी अडचण आहे. फोन रात्री कुठे असतो त्यावरून घर ठरवतात. चाकरमान्याचा फोन वर्षभर विरार-डोंबिवलीत झोपतो म्हणून तो गावात 'पर्यटक' दिसतो. आंगणेवाडीच्या जत्रेला आलेला, आईच्या हातचं जेवून परत जाणारा माणूस पर्यटक कसा? त्याला हॉटेलची जाहिरात दाखवून काय उपयोग. स्थानिक आणि पर्यटक ह्यांच्या जोडीला 'गावी आलेले' असा तिसरा प्रकार कराच, गणपती, शिमगा आणि मे महिना ह्यांसाठी तरी. आंगणेवाडीची तारीख तर दरवर्षी वेगळी ठरते, ती कुठल्याही सरासरीत घालू नका, वेगळी विका.

नकाशेवाला
देवळं आणि दवाखान्यांबद्दल एक. रस्त्यावरचा बोर्ड ठीक, पण अमुक देवळात किंवा अमुक दवाखान्यात गेलेले फोन अशी यादी कोणी मागितली तर देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि कायदा नसता तरी गावात आपल्याला तोंड दाखवायचंय.

सड्यावरची
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री एक वाजेपर्यंत बसून परत सगळं मांडलं. एजन्सीकडून पूर्ण यादी मागवली, २६ 'इतर' होत्या त्या ५ वर आल्या. बाजूला माझे चार कॉलम टाकलेत, थांबणारे-चालणारे-गाडीतले, बोर्डाची दिशा, वार आणि हंगाम. दोन तोंडांच्या ६ खांबांच्या १२ जागा झाल्या त्यामुळे यादी आता ४४ ची आहे.

जेटीवर परवा संध्याकाळी स्वतः जाऊन उभी राहिले. लिलाव चालू होता, बायका टोपल्या घेऊन घोळक्यात, सगळ्यांचे डोळे खाली मासळीच्या ढिगावर आणि कान भावाकडे, आमचा २० फुटी बोर्ड डोक्यावर आणि तासाभरात एकानेही मान वर केली नाही. इतकी वर्षं आम्ही ती सगळ्यात भारी जागा म्हणून विकत होतो, फार वाईट वाटलं. पण बर्फाच्या गाड्या जिथे लागतात तिथे ड्रायव्हर आणि खलाशी दहा दहा मिनिटं नुसते उभे असतात, एकदम बोर्ड बसेल अशी भिंत आहे. बाबांना दाखवलं, ते म्हणाले भिंतीच्या मालकाशी बोलतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीचे ६१ दिवस त्या जागेच्या वर्षातून काढून टाकलेत, रेट दहा महिन्यांचाच सांगणार.

मांडवीचं मात्र अजून कळत नाही, संध्याकाळी फिरायला येणारे जाताना समुद्राकडे बघत जातात आणि येताना बोर्डाकडे, तर ती एक फेरी धरू का दोन?

आकडेमोड_कुडाळ
एक माणूस, एक नजर. परतताना दिसतो तेवढाच धरा. पण किती जण त्याच वाटेने परत येतात ते मोजल्याशिवाय बोलू नका, रविवारी आणि एका साध्या वारी.

सड्यावरची
रविवारी पाच वाजता मांडवीच्या गेटशी बसतोय, मी आणि भाऊ. दोन क्लिकर जास्तीचे आहेत.

नकाशेवाला
मी येतो. तुकडा आखलेल्या नकाशाची प्रिंट घेऊन येतो, कोणी कुठे उभं राहायचं ते तिथेच ठरवू.