इशाऱ्यात ताशी ५५ किमी, ॲपमध्ये १८ नॉट: मुंबई–गोवा शिडाच्या बोटीसाठी काय धरायचं?

कोथरूडचा_खलाशी

३५ फुटी शिडाची बोट नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईहून गोव्याला न्यायची आहे. चौघे जण, सगळे पुण्यात. निघायचं की नाही हे इथे बसूनच ठरवावं लागतं.

मच्छीमारांच्या इशाऱ्यात "वारे ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५ किमीपर्यंत, समुद्र खवळलेला" असं येतं आणि त्याच दिवशी ॲप १८ नॉट वारा, २.१ मीटर लाट दाखवतं. दोन्ही बरोबर कसे? २.१ मीटर लाट ३५ फुटी बोटीला जास्त आहे का? आणि तीन-चार दिवस आधी चाहूल लागावी म्हणून काय बघत राहायचं?

पाषाणचा_वारा

आधी एककं जुळवून घ्या. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी, म्हणजे इशाऱ्यातला वारा २४ ते ३० नॉट आणि झोत ३५ नॉट. बोफर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापात गेल, म्हणजे वादळी वारा, सरासरी ३४ नॉटला सुरू होतो. तुमचा इशारा त्याच्या एक पायरी खाली आहे. पण शीड सरासरी बघत नाही, झोत बघतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १८ नॉटला लावलेल्या शिडावर ३५ नॉटचा झोत आला की भार पावणेचार पट होतो.

आता दोन आकडे का? जागतिक मॉडेलची एक चौकट २५ किमीच्या आसपास असते आणि तिच्यात सगळं सरासरीत विरून जातं. संध्याकाळी सह्याद्रीवरून समुद्राकडे सरकणारा गडगडाटी ढग वीस मिनिटं ३५ नॉट वारा देऊन जातो, तो त्या चौकटीत दिसत नाही. इशारा मात्र संपूर्ण पट्ट्यासाठी आणि त्या मुदतीतल्या सगळ्यात वाईट वेळेसाठी असतो. बोटीवरच्या माणसांनी तोच धरावा. ॲप वापरायचं ते वारा कधी चढेल आणि कुठून फिरेल हे बघायला.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक म्हणजे वेळ: जहाजांची बुलेटिनं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. दुसरी म्हणजे चक्रीवादळाचा वारा: आपला हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी देतो, अमेरिकी केंद्र एक मिनिटाची, म्हणून त्यांचा आकडा मोठा दिसतो. एकाचा कालचा आकडा आणि दुसऱ्याचा आजचा ताडून "वादळ वाढलं" असं म्हणू नका.

लाट_मोजणारा

वाऱ्याबद्दल वर आलंच आहे. माझ्या मते तुमच्या यादीतला सगळ्यात फसवा आकडा २.१ मीटर हा आहे.

ही "सिग्निफिकंट" उंची, म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. काही तासांत एखादी लाट तिच्या पावणेदोन ते दोन पट येणारच. २.१ म्हणजे अधूनमधून ४ मीटर, आणि त्यात अपघाती काही नाही.

तरीही उंची एकटी काहीच सांगत नाही. तिच्या शेजारी आवर्तन, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे सेकंद, बघा. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये साधारण १.५६ गुणिले आवर्तनाचा वर्ग. १२ सेकंदांची लाट सव्वादोनशे मीटर लांब असते. अडीच मीटर उंची असली तरी बोट सावकाश वर जाते, सावकाश खाली येते. ६ सेकंदांची फक्त ५६ मीटर. तीच अडीच मीटर उंची इथे उभी भिंत होते, आणि दुप्पट उंचीची एखादी आली की तिचा माथा फुटतो. फुटणारी लाट बोटीच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के उंच असेल आणि आडवी लागली तर बोट कलंडू शकते. ३५ फूट म्हणजे १०.७ मीटर, तीस टक्के झाले ३.२ मीटर. तुमची मर्यादा त्याच्या पुष्कळ अलीकडे ठेवा.

हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राच्या अंदाजात वाऱ्याची लाट आणि दुरून आलेली फुगी यांचे आकडे वेगळे मिळतात. तेच वाचा. दोन्हींच्या दिशा ६० अंशांपेक्षा जास्त फटकून असतील तर आकडा लहान असला तरी समुद्र ओबडधोबड होतो.

चाहूलही इथेच लागते. हवा निरभ्र, वारा मंद, आणि तरी दक्षिण किंवा नैऋत्येकडून १२ ते १४ सेकंदांची फुगी यायला लागली, तर ती कुठल्यातरी वादळाची असू शकते. १४ सेकंदांच्या फुगीची ऊर्जा २१ नॉटने, म्हणजे दिवसाला ५०० सागरी मैल पुढे जाते. वादळ स्वतः बहुधा ८ ते १२ नॉटने सरकतं, म्हणून फुगी आधी पोचते. मात्र हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडूनही लांब आवर्तनाची फुगी येते, तेव्हा उपग्रहाचं चित्र बघून मगच निष्कर्ष काढा.

दाबमापी

पुण्यात बसून फोनवरचा दाब बघणाऱ्यांसाठी: आपण ५६० मीटरवर आहोत, इथे ९४५–९५० हेक्टापास्कल हा नेहमीचाच आकडा आहे. समुद्रसपाटीला आणलेला दाब बघा, तोही कुलाबा, रत्नागिरी, पणजी या केंद्रांचा.

उष्ण कटिबंधात दाब रोज आपोआप वरखाली होतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी, फरक तीन-चार हेक्टापास्कल. म्हणून सकाळचा आकडा दुपारच्याशी ताडू नका, कालच्या त्याच तासाशी ताडा. त्या वेळच्या नेहमीच्या दाबापेक्षा ३ ने कमी असेल तर सावध, ५ ने कमी असेल तर जवळ वादळ आहे असंच धरून चाला.

कोथरूडचा_खलाशी

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत असेल आणि आपण रत्नागिरीच्या आसपास असू, तर बाहेर खोल पाण्यात जायचं की आत शिरायचं?

नांगर_आणि_दोर

५ नॉटच्या बोटीने वादळाशी शर्यत लावता येत नाही, म्हणून निर्णय मुंबईतच घ्यायचा. आपला किनारा जवळजवळ दक्षिणोत्तर असल्याने अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल हा हिशेब सरळ लागतो. जयगड सुमारे १०० मैल, विजयदुर्ग १४५, गोवा २२०. म्हणजे वीस, एकोणतीस आणि चव्वेचाळीस तास.

उत्तरेकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या अंगाला कोकण येतं आणि उत्तर गोलार्धात तीच धोक्याची बाजू. मे २०२१ मध्ये तौक्ते नेमकं असंच गेलं. वारा आधी पूर्व-आग्नेयेचा असतो, मग दक्षिण, आणि केंद्र पुढे सरकलं की नैऋत्य. घड्याळाच्या काट्यांसारखा फिरला की तुम्ही उजव्या अंगात आहात. शेवटचा नैऋत्येचा टप्पा बोटीला किनाऱ्यावर ढकलतो, आणि तेव्हा लाटाही सगळ्यात मोठ्या असतात.

अंदाजातली चूक अशी धरा: २४ तासांनंतरच्या केंद्राभोवती १००, ४८ नंतर २००, ७२ नंतर ३०० सागरी मैल, आणि त्यात ३४ नॉट वाऱ्याची त्रिज्या, म्हणजे केंद्रापासून तो वारा जिथवर पोचतो तेवढं अंतर, मिळवा. त्या वर्तुळात तुमचा मार्ग येत असेल तर निघू नका. अरबी समुद्रात नुसतं कमी दाबाचं क्षेत्र असेल तेव्हाही हे करून बघा. २००९ चं फयान नोव्हेंबरातच अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्याला लागलं होतं. हवामान विभागाचा दोन आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो, तिथून सुरुवात करा.

बंदरावर लावतात त्या इशाऱ्याच्या बावट्याबद्दलही सांगतो. बातम्यांत तीन नंबर गाजतो, पण तुमच्यासाठी एक नंबर जास्त महत्त्वाचा. त्याचा अर्थ बंदराला धोका नाही, पण बाहेर निघणाऱ्याला दूरवर वादळी हवामान भेटू शकतं.

आत शिरायचंच तर वारा चढण्याआधी, दिवसाउजेडी आणि भरतीच्या पाण्यावर. लाट तिच्या उंचीच्या सुमारे १.३ पट खोलीत फुटते; खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आणि समोरून ओहोटी असेल तर त्याहून खोल पाण्यातच. दाभोळसारख्या तोंडाशी अशा वेळी जाऊच नका. जयगड किंवा विजयदुर्ग गाठा. ती वेळ टळून गेली असेल तर किनाऱ्यापासून दूर राहणंच बरं.

शिडाला पहिला रीफ (शीड दुमडून लहान करणं) १५–१८ नॉटला, दुसरा २२–२५ ला, तिसरा ३० च्या आत. संध्याकाळी पूर्वेला काळा ढग दिसला तर वारा येण्याची वाट न बघता दुसरा रीफ घालून ठेवा, आणि जिब, म्हणजे पुढचं शीड, गुंडाळायचा दोर आधी एकदा ओढून अडकत नाही ना ते बघा.