ऑफिसच्या इंग्रजीत ‘फॉर एक्झाम्पल’ लिहावं की टाळावं?

मुळाकाठ (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात माझ्या दोन अक्षरांमुळे एका टीमचं दोन आठवड्यांचं काम वाढलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

बाहेरच्या एका व्हेंडरला रिपोर्ट बनवायला दिले होते. मी मेलमध्ये लिहिलं, ‘प्लीज बिल्ड ऑल मंथ-एन्ड रिपोर्ट्स, आय.ई. सेल्स अँड स्टॉक.’ माझ्या मनात सेल्स, स्टॉक आणि असे सगळे मिळून नऊ रिपोर्ट होते. त्यांनी दोन बनवले आणि बिल पाठवलं. फोन केला, तर तिकडची मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही आय.ई. लिहिलंय.’ तिचं बरोबर होतं. आय.ई. हे लॅटिन ‘इद एस्त’चं छोटं रूप, म्हणजेच ‘म्हणजेच’. मला लिहायचं होतं ई.जी., ‘एक्झेम्प्ली ग्रातिया’, उदाहरणार्थ. राहिलेले सात रिपोर्ट पुन्हा वेगळं एस्टिमेट घेऊन करून घ्यावे लागले.

इंग्रजी कच्चं म्हणून ही चूक झाली असं मला वाटत नाही. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलं म्हणून झाली. आपला ‘म्हणजे’ दोन्ही कामं करतो. ‘तो माझा दीर, म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ’ यात तो अर्थ उलगडतो. ‘येताना काहीतरी खायला आण, म्हणजे भजी, वडे’ यात नुसता नमुना दाखवतो. समोसे आणले तरी कोणी परत पाठवत नाही. शिवाय आपल्याकडे ‘कागदबिगद’ आहे. ‘कागदबिगद घेऊन ये’ म्हटलं की यादी इथे संपत नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. इंग्रजीत हे ‘बिगद’ कुठून आणणार? मग आपण ‘डॉक्युमेंट्स अँड ऑल’ म्हणतो, नाहीतर ‘फॉर ई.जी.’ लिहितो. त्यातला ‘फॉर’ ई.जी.च्या पोटात आधीच आहे.

एवढं होऊनही माझं मत असं आहे की कामाच्या इंग्रजीत उदाहरणं आणखी द्यावीत, फक्त पूर्ण शब्दांत द्यावीत. अप्रेझलमध्ये ‘प्लीज बी मोर प्रोअ‍ॅक्टिव्ह’ वाचून आमच्या टीममधला एक मुलगा माझ्याकडे आला होता. चेहरा उतरलेला. ‘म्हणजे मी नेमकं करू काय?’ त्या वाक्यापुढे एक ओळ हवी होती: ‘फॉर एक्झाम्पल, मंगळवारी सर्व्हर बंद पडला तेव्हा क्लायंटने विचारायच्या आधी तू कळवायला हवं होतंस.’ ही ओळ नसेल, तर ते वाक्य कुणालाही चिकटवता येतं.

तुम्हाला काय वाटतं?

चाकणकर

असहमत. अप्रेझलचं ठीक आहे, पण जिथे काम मोजून घ्यायचं असतं तिथे उदाहरण घातकच.

मी क्वालिटीत आहे. आमच्या वर्क इन्स्ट्रक्शनवर एक ओळ होती, ‘रिजेक्ट पार्ट्स विथ सरफेस डिफेक्ट्स सच अ‍ॅज स्क्रॅचेस अँड डेन्ट्स.’ नवीन लागलेल्या मुलाने ब्रॅकेट हातात घेतला, ओरखडा नाही, पोचा नाही, टाकला ओके बिनमध्ये. वेल्डिंगच्या कडेला गंज धरलेला होता. विचारलं तर त्याने इन्स्ट्रक्शनच्या कागदावर बोट ठेवलं. त्याला मी दोष देणार नाही. कागदावर दोन गोष्टी लिहिलेल्या, त्याने दोन्ही पाहिल्या. पुढे ग्राहकाच्या प्लँटवर तीन माणसं बसवून अख्खा लॉट सॉर्ट करावा लागला.

‘सच अ‍ॅज’ लिहिणाऱ्याला वाटतं आपण दार उघडलं. वाचणाऱ्याला दोन खिडक्या दिसतात, तो तेवढ्यातूनच बघतो. आता आम्ही दोषांची पूर्ण यादी देतो, मापासकट, आणि स्टेशनवर लिमिट सॅम्पल, म्हणजे चालेल त्याची हद्द दाखवणारा खरा नमुना, टांगतो. उदाहरण नाही, निकष.

काळा कोट

चाकणकरांशी सहमत. आमच्या धंद्यात तर यावर निकाल फिरतात.

अमेरिकेतला मॅकबॉयल खटला बघा. १९२६ मध्ये चोरीचं विमान इलिनॉयमधून ओक्लाहोमात नेलं गेलं. चोरीचं वाहन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा ठरवणाऱ्या १९१९ च्या कायद्यात ‘वाहना’ची व्याख्या होती: मोटार, मोटारट्रक, मोटारवॅगन, मोटरसायकल, किंवा रुळांवर न धावणारं, स्वतःच्या शक्तीवर चालणारं इतर कोणतंही वाहन. विमान रुळांवर धावत नाही आणि स्वतःच्या शक्तीवर चालतं. शब्दशः बसतं. तरी १९३१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती होम्स यांचं म्हणणं, ही व्याख्या वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जमिनीवर चालणाऱ्या गाड्यांचंच चित्र उभं राहतं. चार उदाहरणांनी ‘इतर कोणतंही’ हे शब्द गिळून टाकले.

अर्थ लावायच्या या नियमाला एजस्डेम जेनेरिस म्हणतात: विशिष्ट गोष्टींमागून सामान्य शब्द आला तर तो त्याच जातीच्या गोष्टींपुरता धरायचा. म्हणूनच करारांत आम्ही ‘इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टू’ लिहितो. लोकांना तो शब्दांचा फुगवटा वाटतो. पण धागाकर्तीच्या मेलमध्ये तेवढे शब्द असते, तर सात रिपोर्टांचे वेगळे पैसे मागणं त्या व्हेंडरला जड गेलं असतं.

कलम ५६

वकीलसाहेब, तुम्ही अर्धीच बाजू सांगितलीत. मी कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास करतेय, आणि आपल्याकडचे कायदे मला समजले ते उदाहरणांमुळेच.

मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा दिला, तोच कलमांखाली उदाहरणं घालून. १८६० मध्ये कायदा झाला तेव्हाही ती राहिली. चोरीच्या व्याख्येखालचं उदाहरण आठवा: ‘ए’ने कुत्र्यांना भुलवणारा खाऊ खिशात ठेवला आणि ‘झेड’चा कुत्रा त्याच्यामागे चालू लागला. कुत्रा चालायला लागला त्या क्षणी चोरी झाली. ‘हलवणं म्हणजे काय’ यावर पानभर लिहूनही जे डोक्यात शिरलं नसतं, ते या दोन ओळींत शिरतं. १८७२ च्या करार कायद्यात, ५६ व्या कलमाखाली, ‘ए’ जादूने खजिना शोधून देण्याचा करार ‘बी’शी करतो; करार व्यर्थ. अशक्य गोष्टीचा करार म्हणजे काय हे मी आयुष्यात विसरणार नाही. दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिच्यातही उदाहरणं आहेत.

१९१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळात शेवटचं अपील जिथे चालायचं त्या लंडनच्या न्यायपीठाने, सांगितलं होतं की कलमाचा अर्थ लावताना ही उदाहरणं मोलाची आहेत, ती सहजी बाजूला सारू नयेत. मात्र कलम काय म्हणतं ते उदाहरणाने बदलत नाही. मेल लिहिताना आपण नेमकं इथे चुकतो. कलम लिहितच नाही, थेट उदाहरणावर जातो.

काळा कोट

मान्य, पण ती उदाहरणं कलमाखाली स्वतंत्र, ‘इलस्ट्रेशन्स’ असा मथळा देऊन येतात. मी बोलतोय वाक्याच्या पोटात कोंबलेल्या उदाहरणांबद्दल. हा फरक लहान नाही.

खडूफळा

निवृत्त शिक्षक आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवलं. चाकणकर, एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही स्टेशनवर जे लिमिट सॅम्पल टांगता, ते उदाहरण नाही तर काय आहे? ‘इथवर चालेल, याच्यापुढे नाही’ हे तुम्ही शब्दांत सांगू शकला नाहीत, म्हणून तर खरा ब्रॅकेट टांगलात.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे महानुभावांचा दृष्टांतपाठ आहे. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केसोबासांनी त्यात बांधले. रचना तीन पायऱ्यांची: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे मुद्दा. दृष्टांत म्हणजे गोष्ट. आंधळे हत्ती चाचपतात, कोणाला तो खांबासारखा लागतो, कोणाला सुपासारखा. आणि दार्ष्टांतिकात ती गोष्ट मुद्द्यावर नेऊन बसवायची. सातशे वर्षांपूर्वी मराठी गद्याने हे केलं होतं.

मुलांचे इंग्रजी निबंध तपासताना मला सगळ्यांत जास्त खटकायची ती तिसरी पायरी. ‘टाइम इज मनी. फॉर एक्झाम्पल, माय फादर गोज टू ऑफिस अ‍ॅट नाइन.’ पुढे पूर्णविराम. वडील नऊला जातात, बरं, मग? वेळेचं आणि पैशाचं काय झालं? पुढे नोकरीला लागल्यावर याच मुलांची प्रेझेंटेशन्स मी पाहिली, तिथेही तेच. स्लाइडवर केस स्टडी येते, टाळ्या होतात, आणि ती का दाखवली ते कोणी सांगत नाही. उपाय साधा आहे. उदाहरण संपलं की एक वाक्य ‘सो’ने किंवा ‘धिस शोज’ने सुरू करून स्वतःला विचारायचं, मी यातून काय दाखवलं? वाक्य सुचलं नाही, तर उदाहरणच चुकीचं निवडलंय.

ऐकून वाचणारा

मी दृष्टिहीन आहे, बँकेत नोकरी करतो, सगळे मेल स्क्रीन रीडरवर ऐकतो. पूर्ण शब्द लिहा या धागाकर्तीच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा, पण कारण वेगळं आहे.

लोक ई.जी. टिंबांशिवाय लिहितात आणि माझ्या कानात ‘एग’ येतं. ‘केवायसी डॉक्युमेंट्स एग पासपोर्ट.’ सुरुवातीला मी खरंच थबकायचो, मागे जाऊन पुन्हा ऐकायचो. दिवसाला साठ-सत्तर मेल असतात. ब्रिटन सरकारने २०१६ मध्ये आपल्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर ही लॅटिन अक्षरं टाळायचं ठरवलं, त्यामागे हेही एक कारण होतं. वाचून दाखवणारी काही सॉफ्टवेअर ती चुकीची उच्चारतात. त्याऐवजी ‘फॉर एक्झाम्पल’, ‘सच अ‍ॅज’, ‘लाइक’, ‘इन्क्लूडिंग’ असं लिहा म्हणून त्यांनी सुचवलं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तिथे ही वेळ आली. आपण त्या दोन अक्षरांना हुशारीचं लक्षण समजून कशाला कवटाळायचं?

टेम्सकाठी

मुळाकाठ ताई, इंग्रजीत ‘बिगद’ नाही हे मला पटलं नाही. ‘अँड सो ऑन’ आहे, बोलण्यात ‘दॅट सॉर्ट ऑफ थिंग’ आहे. फक्त ते एकदाच वापरायचं असतं. ‘सच अ‍ॅज पेन्स, पेपर्स, एट्सेट्रा’ हे आपलं खास. ‘सच अ‍ॅज’ म्हणतानाच यादी अपुरी आहे हे सांगून झालेलं असतं, शेवटी पुन्हा एट्सेट्रा कशाला?

मी लंडनमध्ये सेल्समध्ये आहे, आणि माझी तक्रार वेगळ्याच शब्दाची. ‘से’. इथले लोक बोलता बोलता म्हणतात, ‘वी कुड मीट, से, थर्सडे.’ मी नवीन असताना गुरुवारी सकाळी डेमो लावून क्लायंटच्या दारात उभी राहिले होते. रिसेप्शनवर माझं नावच नव्हतं. तो ‘से’ म्हणजे आपलं ‘समजा’ होतं. समजा गुरुवारी भेटलो तर. मी ‘गुरुवारी भेटू’ ऐकलं होतं. आणि ‘लाइक’चा घोळ तर लेखी मजकुरातही होतो: ‘कंपनीज लाइक युअर्स’ यात समोरची कंपनी धरली की वगळली? कोटेशन देताना मी तिथे ‘सच अ‍ॅज’ लिहिते, म्हणजे ती धरली हे स्पष्ट होतं.

पण बोलून विकताना उदाहरणाशिवाय माझं पान हलत नाही. ‘आमची प्रणाली वेळ वाचवते’ यावर कोणी मान वर करत नाही. ‘तुमच्यासारख्याच एका गोदामात रात्रीची मोजणी चार तासांवरून दीड तासावर आली’ म्हटलं की समोरचा पेन उचलतो. चाकणकर, तुमच्या पद्धतीने मी नुसते निकष वाचले तर मीटिंग दहा मिनिटांत संपेल.

चाकणकर

खडूफळा सर, राग कसला. लिमिट सॅम्पलचं तुमचं बरोबर आहे, ते उदाहरणच आहे. पण ते एकटं टांगलेलं नसतं. खाली टॅगवर माप असतं, तारीख असते, कस्टमरची सही असते, आणि मुदत संपली की बदलतो. एवढी जबाबदारी घेऊन कोणी मेलमध्ये उदाहरण देणार असेल, तर माझी हरकत नाही. पण घेतं कोण?

टेम्सकाठी, विकताना जरूर द्या. पण विकलेलं बनवायची वेळ येते तेव्हा तुमचं ‘चार तासांवरून दीड’ हे उदाहरण ग्राहकाने वचन म्हणून लिहून ठेवलेलं असतं, आणि ते आमच्या गळ्यात येतं. अशा दोन मीटिंगमध्ये मी खाली मान घालून बसलोय.

टेम्सकाठी

हे मात्र खरं आहे. आमच्याकडे आता प्रपोजलमध्ये त्या वाक्यापुढे गोदाम केवढं होतं, माणसं किती होती ते लिहावंच लागतं.

मुळाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, विशेषतः ‘एग’बद्दल. हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं, आणि आमच्या टीममध्येही स्क्रीन रीडर वापरणारे एक सहकारी आहेत. आज त्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘सवय झाली.’ ते ऐकून जास्त वाईट वाटलं.

कलम ५६ आणि खडूफळा सर, तुमचं वाचून तो मेल पुन्हा लिहिला. मराठीत सांगायचं तर असा: ‘महिनाअखेरीला अकाउंट्स विभाग उघडतो ते सगळे रिपोर्ट बनवायचे आहेत. फॉर एक्झाम्पल, सेल्स आणि स्टॉक. हे दोन फक्त मांडणी कशी हवी ते दाखवण्यासाठी दिले आहेत. पूर्ण यादी सोबत जोडली आहे.’

चाकणकर

मधली दोन वाक्यं काढा. यादी जोडलीच आहे, तर ती उदाहरणं कशाला?

मुळाकाठ (धागाकर्ती)

नाही काढणार. यादीत नऊ नावं आहेत, पण मांडणी कशी हवी ते एकाही नावात नाही. सेल्सचा जुना रिपोर्ट उघडून बघितला की कळतं: डावीकडे शाखा, उजवीकडे महिने, तळाला बेरीज. तुमचा टॅग म्हणजे माझी यादी, आणि तुमचा टांगलेला ब्रॅकेट म्हणजे माझा सेल्स रिपोर्ट.