अनुभव धागा: सोसायटी, पोलीस ठाणे, भाड्याचे घर – अधिकार वापरताना काय करावे लागले?

सोसायटी, घरमालक, पोलीस ठाणे किंवा बँक यांच्याशी व्यवहार करताना कायद्याने आपल्याला कोणता अधिकार दिला आहे हे तुम्हाला केव्हा कळले आणि तो वापरण्यासाठी काय करावे लागले, ते इथे लिहावे, ही विनंती. कोणत्याही संस्थेचे वा व्यक्तीचे नाव घेऊ नये. मात्र अर्ज कोणाकडे केला, किती दिवसांत केला आणि कोणता कागद कामी आला, हे अवश्य सांगावे, कारण वाचणाऱ्याला उपयोग त्याचाच होतो. सुरुवात मी करतो.

मुलुंड

वडिलांनी सोसायटीत धाकट्या भावाचे नामनिर्देशन केले होते. ते गेल्यावर सेक्रेटरींनी दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या: घर आता भावाचे झाले, आणि नाव लावण्यासाठी सोसायटीच्या निधीत एक लाख रुपये भरावे लागतील. दोन्ही चुकीच्या होत्या. नॉमिनी हा मालक नसून वारस ठरेपर्यंतचा विश्वस्त असतो. सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार सोसायटी त्याला केवळ तात्पुरता सदस्य करून घेते. घर वडिलांच्या स्वकमाईचे होते आणि मृत्युपत्र नव्हते, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, बहीण, भाऊ आणि मी अशा चौघांचे त्यात समान हिस्से होते. बहिणीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा संपत नाही. घर आईच्या नावावर व्हावे असे आम्हा तिन्ही भावंडांना वाटत होते, म्हणून आम्ही दुय्यम निबंधकांकडे हक्कसोडपत्र नोंदवले. परंतु तुझा इतका हक्क आहे हे बहिणीला आधी सांगितले आणि मगच तिची इच्छा विचारली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अनेक घरांत सही आधी घेतली जाते आणि हक्काची गोष्ट पुढे कधी निघतच नाही.

पैशांबाबतही नियम स्पष्ट आहे. बाहेरच्या माणसाला घर विकतानासुद्धा सोसायटीला 25,000 रुपयांहून अधिक हस्तांतर अधिमूल्य घेता येत नाही, आणि सदस्याच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे हस्तांतर होत असेल तर अधिमूल्य मुळीच लागत नाही. उपविधींप्रमाणे 500 रुपये हस्तांतर फी आणि 100 रुपये प्रवेश फी एवढेच द्यावे लागते. मी वाद घातला नाही. लाखाची मागणी लेखी द्यावी असा अर्ज केला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. लेखी मागणी कधीच आली नाही. पुढच्या समिती सभेत आईचे नाव भागपत्रावर लागले.

कुर्ला

लोकलमध्ये दादर ते कुर्ला या प्रवासात माझा मोबाइल चोरीला गेला. चोरी कोणत्या स्थानकाच्या हद्दीत झाली हे मला सांगता येईना, तेव्हा मला ‘मोबाइल गहाळ झाल्याचा’ दाखला देऊ करण्यात आला. गहाळ होणे आणि चोरीला जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गहाळ दाखल्यावर तपास सुरू होत नाही. सोबतच्या वहिनींनी मला ठाम राहायला सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते आणि नोंदीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास तीच माहिती टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवता येते आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी हे सारे शांतपणे बोलून दाखवल्यावर एफआयआर लिहून घेण्यात आला. मोबाइल मिळाला नाही, पण त्या क्रमांकावरून पुढे काही गैरप्रकार झाला तर माझ्याजवळ चोरीची तारीख असलेला कागद आहे, याचे मोल मी कमी मानत नाही.

मालाड

मालकांनी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार केवळ मुद्रांकावर केला आणि नोंदणीचा खर्च कशाला, असे म्हटले. घर सोडताना, अनामत पन्नास हजारच होती असे ते सांगू लागले; मी एक लाख दिले होते. भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि तसा तो नसेल तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे कलम नमूद केलेले पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. तीन आठवड्यांत पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली.

परळ

फक्त एक माहिती द्यायची आहे. महिलेला उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सहाय्य मिळण्याचा अधिकार 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने दिला आहे. पोटगीच्या अर्जासाठी मला याच मार्गाने वकील मिळाल्या. दूरध्वनी 15100 हा आहे.

बोरिवली

माझा अनुभव अपयशाचा आहे, तरी लिहितो. उसने दिलेल्या रकमेचा चेक वटला नाही. मित्राशी संबंध बिघडू नयेत म्हणून मी दोन महिने थांबलो. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर समोरच्याला 15 दिवस मिळतात आणि पुढच्या एका महिन्यात तक्रार करायची असते. तक्रारीचा उशीर न्यायालय योग्य कारण पटल्यास माफ करू शकते, नोटिशीचा नाही. चेक तीन महिन्यांच्या मुदतीत पुन्हा बँकेत भरता आला असता, हे मला वकिलांनी सांगितले तेव्हा तीही मुदत उलटून गेली होती. वसुलीच्या दिवाणी दाव्याला मात्र तीन वर्षांची मुदत असते. तो दावा मी दाखल केला आहे. निकाल लागला की इथेच कळवीन.